अकरा गुंठ्यांच्या परड्यासाठी ग्रास कटर: निवड, चाचणी आणि देखभालीच्या नोंदी

२८ मे २०२५ | जागेची मोजणी

यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. त्यामुळे गवत दरवर्षीपेक्षा पंधरा दिवस तरी आधी उठणार, आणि यंत्र ठरवायला जूनचा पहिला पंधरवडाच हातात आहे.

जागा देवगड तालुक्यात, कातळाला लागून. एकूण ११ गुंठे, म्हणजे १,११३ चौरस मीटर. घर, खळं आणि विहिरीचा कट्टा वजा करता गवताखाली ८ गुंठे उरतात, सुमारे ८१० चौ. मी. भोवती जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, १४० मीटर. हापूसची १४ कलमं, त्यांतली पाच तीन वर्षांच्या आतली. माड सहा. कलमांना ठिबकची १६ मिमी नळी. जमिनीला उतार आहे, मध्ये दोन टप्पे, आणि मातीत जांभ्याच्या खापऱ्या जागोजागी.

यंत्र निवडताना गुंठ्यांपेक्षा उगवण महत्त्वाची. इथे ती तीन प्रकारची आहे. खळ्याच्या कडेला हरळी आणि लव्हाळा: मऊ, बुटका, पण सतत वाढणारा. कलमांमधल्या मोकळ्या जागेत तेरडा, टाकळा, लाजाळू आणि उंच गवत: जुलैच्या मध्यापर्यंत गुडघ्याच्या वर, देठ पाणीदार. गडग्याच्या उत्तर बाजूला रानमोडी आणि घाणेरी: बुंधा अंगठ्याएवढा, लाकडासारखा. पहिल्या दोन्हींना दोरी, म्हणजे यंत्राच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी, पुरते. तिसऱ्यावर दोरी फक्त साल सोलते, तिथे पातंच लागतं. म्हणजे दोरी आणि पातं दोन्ही घेणारं यंत्र हवं. या एका अटीने बाजारातला निम्मा माल बाद होतो.

२ जून | विजेचं आणि बॅटरीचं: आकडेमोड

वायरवर चालणारं यंत्र आधी तपासलं. घरापासून सर्वांत लांबचा कोपरा ४५ मीटर. ६०० वॅटच्या मोटरला सुमारे २.६ अँपिअर लागतात. १.५ चौ. मिमीच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, जाऊन-येऊन ९० मीटरला १.१ ओहम. व्होल्टेज तीनेक व्होल्टांनी घटतं, म्हणजे नगण्य. अडचण वेगळी आहे. ओल्या गवतात पडलेली केबल दिसत नाही आणि फिरती दोरी तिचं आवरण सहज सोलते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय हे यंत्र बाहेर चालवूच नये, आणि असला तरी पावसात नाही. इथे पाऊस चार महिने भरपूर पडतो आणि गवत कापायचं तेही त्याच चार महिन्यांत. त्यामुळे हा पर्याय इथे बाद. पुण्या-नाशकातल्या बंगल्याच्या अर्ध्या गुंठ्याच्या हिरवळीला मात्र तो स्वस्त आणि सोयीचा आहे.

बॅटरीचं यंत्र व्होल्टवर नव्हे, वॅट-तासांवर मोजावं. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. उंच ओल्या गवतात मोटर २५० ते ३०० वॅट ओढते, म्हणजे पंधरा मिनिटांत बॅटरी रिकामी. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी १८० वॅट-तासांची. ती त्याच गवतात ३५ ते ४० मिनिटं टिकेल. ८१० चौ. मी.ला असल्या तीन-चार बॅटऱ्या लागतील. त्यांचीच किंमत चांगल्या इंजिनाच्या यंत्राच्या घरात जाते.

स्वस्त बॅटरी यंत्रांच्या खोक्यावर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे आकडे असतात. ते व्होल्ट नव्हेत. चार्जरवर काय छापलंय ते पाहावं. तिथे २१ व्होल्ट असेल तर आत एकामागे एक जोडलेले पाच लिथियम सेल आहेत, म्हणजे खरं व्होल्टेज १८. आणि प्लास्टिकची छोटी पाती असलेलं असलं यंत्र टाकळ्याच्या देठालाही थांबतं.

६ जून | इंजिन: दोन स्ट्रोक की चार

दुकानात पहिला प्रश्न ‘किती सीसी?’, म्हणजे सिलिंडरचं आकारमान किती, हाच होतो. त्याचं उत्तर खोक्यावर शोधू नये, इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर वाचावा. बाजारातल्या बहुतेक स्वस्त दोन स्ट्रोक यंत्रांवर ‘१ई४०एफ-५’ किंवा ‘१ई४४एफ-५’ असं असतं. १ म्हणजे एक सिलिंडर, ४० किंवा ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. पिस्टनचा फेरा ३४ मिमी धरला तर ४० ला ४२.७ सीसी आणि ४४ ला ५१.७ सीसी येतात. पट्टीवर ४४ आणि खोक्यावर ६३ सीसी असेल तर खोक्यावरचा आकडा सोडून द्यावा.

तुलनेसाठी दोन इंजिनांचे जाहीर आकडे. होंडाचं चार स्ट्रोक जीएक्स ३५: ३५.८ सीसी, मिनिटाला ७,००० फेऱ्यांना १ किलोवॅट, पेट्रोलची टाकी ०.६३ लिटर, ऑइल १०० मिली. श्टीलचं एफएस १२०, दोन स्ट्रोक: ३०.८ सीसी, १.३ किलोवॅट. सीसी कमी, ताकद जास्त. म्हणजे केवळ सीसी विचारून काही कळत नाही, ताकद किलोवॅटमध्ये विचारावी.

दोन स्ट्रोक हलकं, वजनाच्या मानाने जोरदार, आत भाग कमी. पण पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावं लागतं: १:५० ला लिटरमागे २० मिली, १:२५ ला ४० मिली. किती, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतं आणि वापरलेल्या ऑइलवरही ठरतं. मोटरसायकलचं चार स्ट्रोकचं ऑइल यात चालत नाही, ते नीट जळत नाही आणि कार्बन धरतं. कोणी उसनं नेलं आणि साधं पेट्रोल भरलं तर पिस्टन काही मिनिटांत जाम होतो. घरचं यंत्र चार हातांत फिरतं, म्हणून इथे चार स्ट्रोक बरं. त्याचा धोका एकच: ऑइल पाहायचं विसरणं.

वाकड्या दांड्याची यंत्रं पाहिली नाहीत. त्यांत लवचीक शाफ्ट असतो, गिअरबॉक्स नसतो आणि धातूचं पातं लावायची सोय नसते.

११ जून | दुकानात काय तपासलं

पाच यंत्रं हातात घेऊन पाहिली. तपासणीचा क्रम असा.

डोकं, म्हणजे दांड्याच्या टोकाचा दोरी धरणारा फिरता भाग, हाताने फिरवून वर-खाली हलवलं. खडखड जाणवली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा शिम (पातळ चकती) नीट बसलेलं नाही. नव्या यंत्रात ही खडखड चालत नाही.

इंजिन सुरू करून लिव्हर सोडल्यावर डोकं थांबलं पाहिजे. रेंगाळत फिरत राहिलं तर एकतर आयडल (लिव्हर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग सैल आहे. आयडलचा स्क्रू फिरवून थांबलं तर ठीक. नाहीतर ते यंत्र घेऊ नये. पातं लावल्यावर हीच गोष्ट पायावर येते.

दांड्याचा बाहेरचा व्यास २६ की २८ मिमी, शाफ्टच्या टोकाला दाते किती, आणि डोक्याचा आटा कोणता, हे तीन आकडे लिहून घेतले. आटा बहुतेक ठिकाणी एम१० (१० मिमी व्यासाचा), १.२५ पिचचा, डावा, म्हणजे उलटा फिरवल्यावर आवळणारा. हे तिन्ही सर्वसाधारण मापाचे असले की डोकं किंवा गिअरबॉक्स कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो.

मग सुट्या भागांचा प्रश्न. दुकानदाराला सरळ विचारलं: कार्ब्युरेटरचं डायफ्राम (पातळ पडदा) किट, क्लच स्प्रिंग, स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग, एअर फिल्टर, दोरीचं डोकं, टाकीतल्या नळ्या आणि फिल्टर, यांतलं आत्ता काउंटरवर काय आहे? ‘मागवून देतो’ हे उत्तर आमच्या हिशेबात ‘नाही’ धरलं. पावसाळ्यात पंधरा दिवस यंत्र बंद म्हणजे गवत कमरेएवढं. पाचपैकी तीन यंत्रं या प्रश्नावर गळली. त्यांतली दोन दहा हजारांच्या आतली आणि दिसायला अगदी चांगली होती.

ठरलं: चार स्ट्रोक, ३५ सीसी, सरळ दांडा, खांद्याला लटकवायचं, सायकलसारखं दुहेरी हँडल. किंमत वीस हजारांच्या वर. पाठीवर घ्यायचं यंत्र उतारावर सोयीचं असतं, पण त्याच्या लवचीक शाफ्टला वेळच्या वेळी ग्रीस लागतं आणि तो आतल्या आत झिजतो. आठ गुंठ्यांना त्याची गरज नाही.

१४ जून | जोडणी

खोक्यातून आलेल्या चार स्ट्रोक इंजिनात ऑइल नसतं. आधी ऑइल, मग पेट्रोल. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं, मोजून १०० मिली, यंत्र सपाट ठेवून. जास्त भरलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, पांढरा धूर येतो आणि प्लग काळा पडतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशेब इथे उलटा बसतो.

गिअरबॉक्स दांड्यावर बसवताना शाफ्टचे दाते आत गेल्याशिवाय स्क्रू आवळले नाहीत. डोकं हाताने हलकं फिरवत ढकललं की दाते जुळतात. आधी खुणेचा स्क्रू, मग पकडीचा.

दोरीचं डोकं डाव्या आट्याचं असल्यामुळे घड्याळाच्या उलट फिरवलं की आवळतं. वरच्या वॉशरच्या भोकात पिन घालून शाफ्ट अडवावा लागतो.

पट्टा: हुक उजव्या कमरेच्या साधारण तळव्याच्या रुंदीएवढा खाली. हात सोडल्यावर दोरीचं डोकं जमिनीला नुसतं टेकावं, आणि पातं लावलेलं असेल तेव्हा जमिनीपासून थोडं वर तरंगावं. हे जमवायला कडी दांड्यावर पुढे-मागे सरकवावी. या दहा मिनिटांवर पुढचे सगळे तास अवलंबून आहेत. पट्टा चुकला की वजन मनगटावर येतं आणि अर्ध्या तासात डोकं जमिनीत घुसायला लागतं.

गार्ड लावला. गार्डच्या काठावरची छोटी पाती दोरी ठरल्या लांबीला कापते.

२१ जून | दोरीची चाचणी

प्रत्येकी २५ चौ. मी.चे चार तुकडे आखले. उगवण सारखी: हरळी आणि वीतभर तेरडा.

२.४ मिमी गोल दोरी: ३ मिनिटं १० सेकंद, कापणी एकसारखी, शेंड्याला किंचित चिंध्या. २.४ मिमी चौकोनी: वेळ तेवढाच, काप स्वच्छ, पण कडा दहा मिनिटांत गोल होतात आणि पुढे ती गोल दोरीसारखीच चालते. २.४ मिमी पिळाची: आवाज स्पष्ट कमी, बाकी गोलसारखी. ३ मिमी चौकोनी: ३ मिनिटं ४० सेकंद. जाड दोरीला उलट जास्त वेळ लागला, कारण हवेचा रोध वाढून इंजिनाच्या फेऱ्या पडल्या. दोरी कापते ती टोकाच्या वेगाने, वजनाने नव्हे.

गडग्याला लागून दहा मीटरचा पट्टा कापताना २.४ गोल दोरी १.१ मीटर गेली, चौकोनी १.६ मीटर. जांभ्याच्या खडबडीत अंगावर चौकोनाच्या कडा आधी फाटतात. म्हणून गडग्याला गोल, मोकळ्या जागेला चौकोनी. एकच घ्यायची असेल तर २.४ गोल.

स्पूलमध्ये, म्हणजे डोक्यातल्या रिळात, २.४ ची ८ मीटर बसते. ३ मिमीची त्याच जागेत पाचच, कारण जाडीचं क्षेत्रफळ दीडपट होतं.

गार्डबद्दल एक गणित मुद्दाम नोंदवतो, कारण आजूबाजूला पाहिलेल्या दहातल्या आठ यंत्रांचा गार्ड काढलेला असतो. दोरीला हवेतून फिरवायला लागणारी ताकद, फेऱ्या त्याच राहिल्या तर, त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढते. गार्डवरच्या पात्यामुळे कापणीचा घेर ४२ सेंमी राहतो. गार्ड काढून दोरी ५५ सेंमी घेराला गेली की तीच ताकद जवळजवळ तिप्पट लागते. इंजिन तेवढी देऊ शकत नाही, फेऱ्या पडतात, क्लच घसरत राहतो, तापतो आणि अस्तर जळतं. ‘मशीन एका पावसात गेली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. आणि दगड: मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ४२ सेंमी घेराच्या टोकाचा वेग सेकंदाला ११० मीटर, ताशी जवळजवळ ४०० किमी. चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कोणी नको, आणि घराच्या काचेकडे पाठ करून कापू नये, कारण खडा मागच्या बाजूलाही उडतो.

५ जुलै | दोरी बाहेर येईना

डोकं जमिनीवर आपटलं की स्पूलमधली दोरी बाहेर यायला हवी, ती सुटत नव्हती. उघडलं तर स्पूलवरचे वेढे एकमेकांना चिकटलेले. कारणं दोन. गडग्यावर सतत घासल्याने दोरी थरथरते आणि आतले वेढे घर्षणाने वितळतात. दुसरं, वेढे एकमेकांवर तिरपे गुंडाळलेले होते.

उपाय: चिकटलेला भाग कापून टाकला. नवी दोरी बाणाच्या दिशेने, ताण देऊन, वेढ्याशेजारी वेढा अशी भरली. काठापासून ४ मिमी जागा मोकळी ठेवली. दोन्ही टोकं १५ सेंमी बाहेर. आपटायचं ते इंजिन भर वेगात असताना आणि मातीवर, दगडावर नाही. गडग्याजवळ दोरीचं फक्त टोक लागेल इतकं अंतर ठेवलं, तर खर्च निम्म्यावर येतो.

दोरी बोटाने वाकवून पाहिली, तर मोडली. दुकानात उन्हात टांगलेलं बंडल होतं ते. नायलॉनमधलं पाणी गेलं की ते ठिसूळ होतं. बंडल चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर लवचीकपणा परत आला. आता ते झाकणाच्या डब्यात, सावलीत.

१३ जुलै | पहिलं ऑइल

पुस्तिकेप्रमाणे दहा तास किंवा एक महिना, यातलं आधी येईल ते. तास चारच झाले, महिना भरत आला. गरम इंजिनातून ऑइल ओतून काढलं. त्यात चंदेरी चकाकी होती. नव्या इंजिनात ती अपेक्षित असते आणि म्हणूनच हा पहिला बदल टाळू नये. नवं १०० मिली. पुढचा बदल ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

१९ आणि २० जुलै | पहिली मोठी कापणी

दोन दिवस मिळून अडीच तास, ८१० चौ. मी. पेट्रोल १.४ लिटर. एक टाकी ६५ मिनिटं चालली.

वरून पाहिलं तर डोकं घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून कापायचं उजवीकडून डावीकडे. कापलेलं गवत आधीच मोकळ्या झालेल्या डाव्या बाजूला पडतं आणि पुढचं दिसत राहतं. उलट फिरवलं तर कापलेलं न कापलेल्यावर पडतं आणि तेच पुन्हा कापावं लागतं.

गुडघ्याच्या वरचं गवत एका घावात बुडातून कापलं की लांब काड्या डोक्याच्या मानेभोवती गुंडाळतात. गिअरबॉक्सला वारा मिळत नाही, तो तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं. दोन थरांत कापावं: आधी वरचा अर्धा, परतताना बुडाचा. वेळ वाढत नाही, कारण मध्ये थांबून गुंडाळा सोडवावा लागत नाही. सोडवायचा असेल तर इंजिन बंद करून. आयडलवर ठेवून हात घालायचा नाही.

पायात गमबूट, वर नडगीला संरक्षक. या कातळपट्ट्यात फुरसं भरपूर आहे. ते आवाजाने पळून जाईल असं धरू नये, दगडाला चिकटून बसून राहतं. कापायच्या आधी काठीने गडग्याचा पाया ठोकत एक फेरी मारली. सगळा चिखल पायांवर आणि हातांवर उडतो, आणि सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. अंगावर जखम असेल तर ती झाकल्याशिवाय या कामाला उतरू नये. डोळ्यांना जाळीचा नव्हे, पारदर्शक चष्मा. जाळीतून टाकळ्याचा रस आत येतो.

२ ऑगस्ट | रानमोडी आणि घाणेरी

दोरीचं डोकं उतरवून तीन दातांचं पातं लावलं. नट डावा. पात्याचं भोक आणि खालच्या वॉशरचा उंचवटा नीट जुळला पाहिजे, नाहीतर पातं अर्धा मिलिमीटर बाजूला बसतं आणि सगळं हँडल थरथरतं. गार्डचा दोरीसाठीचा खालचा तुकडा काढला, मूळ गार्ड ठेवला.

पात्याचा झटका कुठे बसतो हे माहीत असलेलं बरं. पातं म्हणजे घड्याळ धरलं तर १२ ते २ या भागाने जाड बुंध्याला स्पर्श केला की यंत्र उजवीकडे फेकलं जातं. डाव्या बाजूने, ८ ते १० या भागाने, भर वेगात कापावं. अंगठ्याएवढी रानमोडी एका घावात तुटते. घाणेरीचे जुने बुंधे मनगटाएवढे झालेत. त्यांना तीन दातांचं पातं नको, कोयताच बरा. ४० दातांचं कार्बाइड पातंही मिळतं. ते सुक्या लाकडाला छान, पण जांभ्याची एक खापरी लागली की कार्बाइडचा दाता उडतो. या जागेत ते लावायचं नाही असं ठरवलं.

गडग्यापासून अर्ध्या मीटरच्या आत धातूचं पातं नेलं नाही.

बाजारात साखळीचे तुकडे लावलेलं डोकं मिळतं, ‘दगडातही चालतं’ म्हणून. ते घेऊ नये. साखळीचा दुवा तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. दुवे जोडून केलेली अशी धातूची डोकी बाजारात आणायला युरोपीय संघाने २०१२ मध्ये बंदी घातली.

रानमोडी कापली म्हणजे गेली नाही, बुडातून पुन्हा फुटते. कापल्यावर माती ओली असतानाच खुंट उपटायचे. तीस उपटले, बाकी राहिले आहेत.

१६ ऑगस्ट | सुरू होईना

दोन आठवडे बंद होतं. चोक लावून आठ वेळा ओढलं, काही नाही.

तपासणी क्रमाने. प्लग काढला: कोरडा. म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही, ठिणगीचा प्रश्न नंतरचा. (ओला असता तर उलट: चोक उघडून, प्लग काढून पाच-सहा वेळा ओढून जादा पेट्रोल बाहेर काढायचं.) प्रायमरचा फुगा (टाकीतून पेट्रोल ओढायला हाताने दाबायचा) दाबला: भरत नाही. टाकीतला फिल्टर तारेने ओढून बाहेर काढला: मऊ, बुळबुळीत. टाकी काचेच्या बरणीत ओतली: तळाला बोटभर वेगळा थर.

पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ठराविक प्रमाणाच्या पलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात आणि वर नुसतं पेट्रोल उरतं. फिल्टर तळाशी असतो, म्हणून कार्ब्युरेटरला आधी तेच मिळतं. इथे कॅनचं झाकण सैल होतं आणि कॅन पडवीत, पावसाच्या झोतात. दोन स्ट्रोक यंत्रात हे आणखी वाईट, कारण खालच्या थरात ऑइल नीट राहत नाही आणि इंजिन कोरडं चालतं.

टाकी रिकामी, नवा फिल्टर, नवं पेट्रोल, फुगा दहा वेळा. चौथ्या ओढीला सुरू. प्लगचं अंतर तपासलं: ०.६५ मिमी, ठीक (०.६ ते ०.७ चालतं). डायफ्राम अजून मऊ आहे. कडक झाला असता तर किट बदलावं लागलं असतं.

आजपासून नियम: एका वेळी दोन लिटरच पेट्रोल, कॅन धातूचा, झाकण रबरी वॉशरचं, कॅनवर तारीख. तीन आठवड्यांत न संपलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये. काम संपल्यावर आठवड्याच्या वर खंड पडणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

२३ ऑगस्ट | चतुर्थीपूर्वीची कापणी

गणेश चतुर्थी २७ ला. खळं, पाणंद, विहिरीची वाट आणि मोकळी जागा. पावणेतीन तास. खळ्याच्या कडेला डोकं उभं धरून काठ कापला. दोरी ३ मीटर.

१३ सप्टेंबर | देखभाल, आणि निवडीचा फेरविचार

एकूण ११ तास. गिअरबॉक्सच्या बाजूचा स्क्रू काढून लिथियम ग्रीस भरलं, बोटाच्या पेराएवढं. पूर्ण ठासून भरलं तर तापल्यावर सील ढकलून बाहेर येतं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑइलचे दोन थेंब चोळून, पिळून बसवला. पेट्रोलने धुवू नये, स्पंज भुसभुशीत होतो. सायलेन्सरची जाळी स्वच्छ होती. दोन स्ट्रोकमध्ये तीच कार्बनने बुजते आणि ‘जोर कमी झाला’ असं वाटतं.

झिजलं काय: डोक्याचं खालचं बटण, अर्धं. दगडावर आपटल्याचा परिणाम. सुटं मिळतं, डोकं बदलायची गरज नाही.

शेजारच्या दोन घरांनी यंत्र कोणतं घ्यावं म्हणून विचारलं, त्यांची जागा पाहून वेगळी उत्तरं दिली. दीड गुंठा, फक्त हरळी, चालवणारे साठीच्या पुढचे: ३६ व्होल्टचं बॅटरीचं, एक बॅटरी पुरे, वजन निम्मं, ओढून सुरू करणं नाही. दुसरे सव्वा एकराची बाग, दोन गडी रोज कापणार: तिथे ३५ सीसी चार स्ट्रोक अपुरं. दीड किलोवॅटच्या वरचं दोन स्ट्रोक आणि मिश्रणाचा जबाबदार एकच माणूस. मिश्रण ज्याच्या-त्याच्या हातात राहणार असेल तर तेही नको.

४ ऑक्टोबर | शेवटची कापणी, कलमं

गवत पिवळं पडायला लागलं. गडग्याच्या आतून तीन मीटर पट्टा अगदी जमिनीलगत कापून, गवत ओढून काढलं. जानेवारीनंतर कातळावरून वणवा आला तर तो या पट्ट्याशी थांबायला हवा. सुक्या गवतात सायलेन्सर टेकवायचा नाही, आणि पेट्रोल भरायचं ते कापलेल्या, मोकळ्या जागी, इंजिन निवल्यावर.

पाचांपैकी एका लहान कलमाच्या बुंध्याला दोरीची जखम आढळली, जमिनीपासून ६ सेंमी वर, घेराच्या एक तृतीयांश. सालीच्या आतला कोवळा थर, ज्यातून झाडाचं अन्न खाली उतरतं, तो तिथे उघडा पडलाय. जखम पूर्ण घेराला गेली असती तर कलम वाळलं असतं. चिंध्या धारदार चाकूने साफ केल्या, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. लहान कलमांभोवती अर्धा मीटर त्रिज्येचं आळं हाताने भांगलायचं, यंत्र तिथे न्यायचंच नाही. ठिबकची नळी त्याच आळ्यात वळवून घेतली, तिचेही दोन काप वाचतील. कापलेलं गवत आळ्यात १० सेंमी जाड पसरलं, बुंध्यापासून वीतभर लांब, म्हणजे ओल धरून साल कुजणार नाही.

१८ ऑक्टोबर | ठेवण

टाकी रिकामी, फुगा दाबून नळ्या रिकाम्या, मग बंद पडेपर्यंत चालवलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, स्टार्टर दोनदा हळू ओढला, प्लग परत. पात्याला ऑइलचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळलं. डोक्यातली दोरी काढून डब्यात टाकली.

पुढच्या मेपूर्वी आणायचं: डोक्याचं बटण एक, टाकीचे फिल्टर दोन, डायफ्राम किट एक, २.४ गोल दोरी ५० मीटर, ऑइल.

यंत्र माळ्यावर आडवं न ठेवता हुकाला टांगलं, गिअरबॉक्स खाली. शेवटी स्टार्टर हळू ओढून जिथे जड लागतं तिथे सोडला. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.